उतारवयातील शरीराचे रक्षक

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात वार्धक्य या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांनी मला आज्ञा केली. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत शिकविण्यात ज्याची उमेद खर्च झाली असा मी एक निवृत्त शिक्षक आहे, आणि आता स्वतःही साठी ओलांडलेल्यांच्या रांगेत उभा आहे. तेव्हा वार्धक्यावर उपदेश करण्याचे टाळून, वार्धक्यात आपल्या रक्तात काय घडते आणि त्याचा आपल्या घरातील व्यवहाराशी काय संबंध आहे, एवढेच वाचून समजून घेतलेले आपणांपुढे ठेवावे असे मी ठरविले.

हा विषय निवडण्यास कारण आहे. आपल्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील घरांची आजची स्थिती आपण सर्व जाणता. कर्ता मुलगा पहाटेच्या लोकलने मुंबईस जातो, नाही तर खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत पाळीवर असतो. घरी वृद्ध आईवडील. एके दिवशी वडील जेवत नाहीत, अंथरुणातून उठत नाहीत. अंगाला हात लावून पाहावा तर ताप नाही. मग घरातले म्हणतात, "वय झाले आता, चालायचेच." आणि वृद्ध मनुष्यही म्हणतो, "माझे आता काय राहिले आहे? डॉक्टर कशाला?" या दोन वाक्यांनी आपल्याकडे जितके लोक वेळेआधी जातात, तितके एखाद्या रोगाने जात असतील की नाही याची मला शंका आहे. ही दोन्ही वाक्ये अज्ञानातून येतात. ते अज्ञान थोडे दूर व्हावे, इतकाच माझा आजचा हेतू.

प्रथम शरीराच्या रक्षकांची ओळख करून घेऊ. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांची ढोबळमानाने दोन कुळे मानता येतील. पहिले कूळ भक्षक पेशींचे. शरीरात जो परका जंतू शिरेल त्यास गाठावयाचे आणि गिळावयाचे, हे त्यांचे काम. ओळखपाळख, चौकशी यांत त्या फारशा पडत नाहीत. दुसरे कूळ लसिका पेशींचे. त्यांतील टी पेशी व बी पेशी या मात्र शिकलेल्या असतात. एकेक टी किंवा बी पेशी एकाच खुणेचा शत्रू ओळखते. तो भेटला की ती झपाट्याने आपली संख्या वाढविते. बी पेशींच्या वंशातून प्रतिपिंडे तयार होतात, टी पेशींपैकी काही रोगट पेशींचा नाश करतात, तर काही इतर रक्षकांना कामाला लावतात. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरून जातात, पण थोड्या मागे राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच शत्रू पुन्हा आला तर त्या त्यास उंबरठ्यावरच अडवितात.

भक्षक पेशींचा शोध लावणारा शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्याने ताराम्याच्या पारदर्शक पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला व त्या काट्याभोवती फिरत्या पेशी कशा गोळा होतात ते सूक्ष्मदर्शकातून पाहिले. या शोधासाठी १९०८ साली त्यास पॉल अर्लिक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचाच शिष्य वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेगने कहर मांडला तेव्हा हा मुंबईस आला, त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाने चालते. गुरू मेचनिकॉफ उत्तर आयुष्यात वार्धक्याचा अभ्यास करू लागला. म्हातारपणी याच भक्षक पेशी उलटून स्वतःच्या शरीराची खराबी करतात असे त्याचे मत होते, आणि त्यावर तो आंबट दुधाचा, म्हणजे आपल्या दह्यासारख्या पदार्थाचा पुरस्कार करी. त्याचे सारेच म्हणणे काही टिकले नाही. परंतु वार्धक्याचा आणि या पेशींचा जवळचा संबंध आहे, ही त्याची दृष्टी आज खरी ठरली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. या शिकलेल्या टी पेशी शिकतात कोठे? छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूस, थायमस नावाची एक लहानशी ग्रंथी आहे. आपल्या मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे नाव दिले आहे, आणि ते फार समर्पक आहे. १९६१ साली जॅक मिलर या संशोधकाने तिचे कार्य दाखवून देईपर्यंत ही ग्रंथी निरुपयोगी समजली जात असे. वस्तुतः ती एक शाळा आहे. अस्थिमज्जेत जन्मलेल्या कोवळ्या पेशी तेथे येतात आणि त्यांची दोन परीक्षा होतात. पहिलीत, शरीराच्या स्वतःच्या खुणा वाचता येतात की नाही हे पाहिले जाते. दुसरीत, ही पेशी स्वकीयांवरच तर हात उगारणार नाही ना, याची खात्री करून घेतली जाते. शंभरातील दोन-चारच पेशी उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात, बाकीच्या तेथेच संपतात. आमच्या शाळांचा निकाल असा लागता तर पालकांनी आम्हांस गावातून हाकलून दिले असते! पण येथे एवढी कडक परीक्षा नसेल तर शरीर स्वतःशीच युद्ध पुकारील.

ही शाळा बालपणी भरभराटीत असते. तारुण्याच्या उंबरठ्यापासून तिला उतरती कळा लागते. वर्गखोल्या ओस पडत जातात, त्या जागी चरबी साठते, आणि चाळिशीनंतर ग्रंथीचा बहुतेक भाग चरबीनेच व्यापलेला असतो. नव्या विद्यार्थ्यांची भरती अशा रीतीने वर्षानुवर्षे घटत जाते. इकडे अस्थिमज्जेतही वयाबरोबर भक्षक कुळातील पेशींची निपज टिकून राहते, परंतु लसिका कुळाची कमी होते.

तथापि मंदावलेली शाळा म्हणजे बंद पडलेली शाळा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाच्या आसपासच्या शस्त्रक्रियेत ज्या प्रौढांची ही ग्रंथी काढली गेली होती, त्यांची तुलना तशाच शस्त्रक्रिया झालेल्या पण ग्रंथी शाबूत असलेल्या लोकांशी त्यांनी केली. पाच वर्षांत पहिल्या गटातील शेकडा ८.१ लोक मृत्यू पावले, दुसऱ्यातील शेकडा २.८. याचा अर्थ, प्रौढ वयातही त्या जुन्या इमारतीत एखाददुसरा वर्ग भरत असतो आणि त्याचा शरीरास उपयोग होतो.

मग वृद्ध शरीराजवळ उरते काय? उरतात त्या स्मृतिपेशी. आपल्यात एक म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. ही म्हण या पेशींना लागू पडत नाही. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांच्या दंडावर देवी काढल्याचा वाटोळा व्रण आहे. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९७७ साली आपला देश देवीमुक्त जाहीर झाला. लहानपणी देवी काढलेल्या माणसांचे रक्त पुढे तपासले तेव्हा २५ ते ७५ वर्षांनंतरही बहुतेकांत त्या लसीची स्मृती जिवंत असल्याचे आढळले. तसेच दूरचे एक उदाहरण. उत्तर अटलांटिक समुद्रातील फॅरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली होती. पुढे ६५ वर्षे गोवर तेथे फिरकला नाही. १८४६ साली तो आला तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० लोकांना त्याने गाठले. त्या वेळी पानुम नावाचा तरुण डॉक्टर तेथे गेला होता. पहिल्या साथीत गोवर येऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकासही तो पुन्हा झाला नसल्याचे त्याने नोंदवून ठेवले आहे.

आपल्या महाराष्ट्रातील दोन साथी शेजारी शेजारी ठेवल्या, तर हा भेद अधिक स्पष्ट होईल. २००९ साली स्वाइन फ्लू आला. देशातील पहिला मृत्यू त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात झाला, तो एका शाळकरी मुलीचा. त्या साथीत तरुण आणि मुले अधिक सापडली, वृद्ध त्या मानाने कमी. याचे कारण असे की, त्या विषाणूचे दूरचे भाऊबंद १९५७ पूर्वी जगभर वावरत होते आणि त्या काळात वाढलेल्यांच्या रक्तात त्यांची जुनी ओळख शिल्लक होती. उलट २०२० सालचा कोरोना विषाणू सर्वांनाच नवा होता. त्याची स्मृती कोणाजवळच नव्हती. सर्वांना नव्या पेशींवर विसंबून राहणे भाग होते, आणि वृद्धांजवळ त्यांचाच तुटवडा. अमेरिकेतील ला होया येथील संशोधकांनी त्याच वर्षी दाखवून दिले की, ६५ वर्षांपुढील रुग्णांत प्रतिकाराच्या निरनिराळ्या शाखांचा मेळ बसत नव्हता आणि नवशिक्या टी पेशींची कमतरता व आजाराची तीव्रता या गोष्टी बरोबरीने दिसत होत्या. त्या दोन वर्षांत आपल्या ज्ञातीतील किती घरांतील वडील मंडळी गेली ते मी मोजून दाखविण्याची आवश्यकता नाही.

म्हातारपण हे दुसरे बालपण, असे आपण म्हणतो. रक्षक पेशींच्या बाबतीत मात्र ही दोन टोके आहेत. बालकाजवळ विद्यार्थी उदंड, अनुभव शून्य. वृद्धाजवळ अनुभव उदंड, विद्यार्थी मोजके. जुन्या शत्रूशी वृद्ध शरीर चांगले झुंजते, नव्यापुढे ते चाचपडते.

याखेरीज आणखी दोन बदल होतात. भक्षक पेशींची संख्या वृद्धापकाळी विशेष घटत नाही आणि त्यांचा वेगही बराचसा टिकतो, परंतु त्यांची वाट चुकते. जंतूच्या दिशेने नीट सरळ न जाता त्या आडवळणाने जातात, त्यामुळे पोहोचण्यास उशीर होतो आणि वाटेत चांगल्या भागांचीही नासधूस होते. दुसरा बदल असा की, वृद्ध शरीरात एक मंद दाह सतत चालू राहतो. क्लाउडिओ फ्रान्चेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने २००० साली या स्थितीस स्वतंत्र नाव दिले. भाताच्या रोपांसाठी आपण राब भाजतो तेव्हा ज्वाळा विझल्यावरही राखेखाली धग राहते, तसे हे धुमसणे असते. लठ्ठपणा, मधुमेह, तंबाखू आणि मिश्री यांनी ही धग अधिक वाढते.

आता या साऱ्याचा घरात उपयोग काय, ते सांगतो.

पहिली गोष्ट तापाची. ताप हे रक्षक पेशींनी वाजविलेल्या घंटेचे फळ. वृद्धाच्या पेशी ही घंटा क्षीण वाजवितात. गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातील एकास ते तिघांतील एकास ठळक ताप येतच नाही. न्यूमोनिया असतो पण अंग गार लागते. म्हणून वृद्ध माणसाने एकाएकी अन्न टाकणे, भलतेच बोलू लागणे, दिवसा झोपून राहणे, तोल जाऊन पडणे, श्वास जलद चालणे, ही ताप आल्याइतकीच महत्त्वाची लक्षणे समजावीत. प्रकृती ठीक असताना घरातील वडील माणसाचे तपमान दोन-चार दिवस मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्याहून दोन अंश फॅरनहाइट वाढ झाली, किंवा तोंडातील तपमान १०० च्या वर गेले, तर तो ताप समजून डॉक्टरांकडे न्यावे. "वय झाले" हे रोगाचे नाव नव्हे.

दुसरी गोष्ट नागिणीची. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षे निजून राहतो. टी पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. उतारवयात तो पहारा सैल पडला की विषाणू जागा होतो आणि एकाच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून नागीण अंगाच्या एकाच बाजूस, अर्ध्या पट्ट्यासारखी उठते. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. खरे भय निराळे आहे. पुरळ वाळल्यावरही तिची आग महिनोन् महिने राहते, आणि वय जितके अधिक तितकी ही शक्यता अधिक. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झाले तर लाभ होतो. ते तीन दिवस लेप लावण्यात आणि मंत्र टाकण्यात घालवू नयेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

तिसरी गोष्ट लसींची. लस म्हटली की आपणांस पाळण्यातले मूल आठवते. परंतु आपल्या देशात बालकांच्या लसीकरणाचा विस्तृत कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. आज साठीच्या पुढे असलेल्यांचे बालपण त्यापूर्वीच संपले होते. देवीखेरीज दुसरी लस न टोचलेले पुष्कळ वृद्ध आपल्यात आहेत. विळा-कोयत्याने हात कापतो, पायात काटा मोडतो, आणि धनुर्वाताचा पुरा क्रम कधी झालेला नसतो. धनुर्वाताची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यावी असा सर्वमान्य सल्ला आहे. इन्फ्लुएंझाची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

येथे कोणी शंका काढील की, पेशीच थकल्या तर लस काय करणार? शंका रास्त आहे. वृद्धांत बहुतेक लसींचा परिणाम तरुणांपेक्षा कमी होतो, हे खरे आहे. म्हणूनच परदेशांत ६५ वर्षांवरील लोकांसाठी इन्फ्लुएंझाची चौपट मात्रेची लस वापरतात. आपल्याकडेही १ मार्च २०२१ पासून साठीपुढील लोकांना कोरोनाची लस मिळू लागली आणि १० जानेवारी २०२२ पासून वयस्कांना आणखी एक मात्रा देण्यात आली, त्यामागे हाच विचार होता. कर्जतच्या माणसास हे समजावून देणे कठीण नाही. घाट चढताना गाडीला आपल्या कर्जत स्टेशनात जादा इंजिने जोडतात. जुने इंजिन मोडीत काढावे असे कोणी म्हणत नाही, मागून जोर लावतात. नागिणीची जी नवी लस २०२३ पासून भारतात मिळते, तिच्यात असेच जोर देणारे द्रव्य मिसळलेले असते. त्यातील एक घटक चिली देशातील, रिठ्याप्रमाणे फेस देणाऱ्या एका झाडाच्या सालीपासून काढतात. परीक्षणांत ही लस पन्नाशीपुढील लोकांत शेकडा ९७ आणि सत्तरीपुढील लोकांतही शेकडा ९० च्या आसपास परिणामकारक ठरली. थकलेल्या पेशींना योग्य रीतीने जागे केले तर त्या अजूनही शिकतात, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

चौथी गोष्ट चालण्याची आणि खाण्याची. इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वर्षांच्या १२५ सायकलस्वारांची तपासणी झाली. त्यांनी बहुतेक आयुष्य नियमाने सायकल चालविली होती. त्यांच्या रक्तात थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशी जवळजवळ तरुणांइतक्या आढळल्या. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आपण काही साऱ्यांनी सायकलवर बसावयास नको. पण बांधापर्यंत, देवळापर्यंत, बाजारापर्यंत रोज पायी जाणे सोडू नये. मुलाने मोटारसायकल घेतली म्हणून वडिलांचे चालणे बंद व्हावे, हे काही सुख नव्हे. खाण्याविषयी एवढेच सांगतो की, प्रतिपिंडे ही प्रथिनांचीच बनतात. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया सर्वांचे झाल्यावर पेज आणि लोणच्यावर भागवितात आणि वर उपवास करतात. वाल आपल्याच शेतात भातामागून पिकतात. वाल, मूग, दूध-दही, आणि ज्यांस चालत असतील त्यांस अंडी व मासळी, यांतील काही ना काही त्यांच्या ताटात रोज पडले पाहिजे. सून-मुलींनी त्याकडे लक्ष द्यावे, आणि सासवांनी ते नाकारू नये.

आता संघाकडे एक मागणे. दर वर्षी आपण गुणी विद्यार्थ्यांस बक्षिसे व शिष्यवृत्त्या देतो. मी शिक्षक असल्याने त्या कार्याचा मला अभिमान वाटतो. त्याच्या जोडीला वृद्धांसाठी एक वही सुरू व्हावी. गावोगावच्या कार्यकर्त्याने आपल्या भागातील साठीपुढील प्रत्येक व्यक्तीचे नाव, वय, जुने आजार आणि धनुर्वात, इन्फ्लुएंझा, न्यूमोनिया यांच्या लसी कधी घेतल्या याची नोंद त्यात ठेवावी. पावसाळा लागण्यापूर्वी एकदा ही वही उघडून, ज्यांचे राहिले असेल त्यांस सोबत देऊन दवाखान्यात पाठवावे. नागिणीची लस महाग आहे आणि तिच्या दोन मात्रा घ्याव्या लागतात, सर्वांना ती परवडणारी नाही. गरजू वृद्धांसाठी एक लहानसा निधी उभारावा. पैसा कमी पडला तरी वही लिहिण्यास पैसा लागत नाही, म्हणून निदान तेवढे याच वर्षी व्हावे.

आणि शेवटी माझ्या समवयस्कांस दोन शब्द. "माझे आता काय राहिले आहे" असे आपण म्हणतो तेव्हा ते विरक्तीचे वाटते, पण त्याचा भार घरातल्यांवर पडतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यासाठी सून नोकरी सोडते, नातवाचे वर्ष वाया जाते, शेताचा तुकडा गहाण पडतो. एक टोचणी वेळेवर घेणे, जेवण गेले तर लपवून न ठेवता सांगणे, रोज थोडे चालणे, हे आपण मुलाबाळांसाठीही करावयाचे आहे. आपल्या रक्तात साठ-सत्तर वर्षांचा अनुभव असलेल्या पेशी अजून पहारा देत आहेत. त्यांना थोडी मदत करणे आपल्या हाती आहे.

 वहीचा ठराव आजच्या सभेत मांडला जावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.